टेम्पोचे गुडघे

सुरतेजवळच्या कडोदऱ्यात बन्सीलालचा टेम्पो ओळखायला नंबर बघावा लागत नाही. लूमच्या कारखान्याबाहेर कोऱ्या कापडाचे ताके चढत असतात, हमाल घामाघूम झालेले असतात आणि टेम्पोचा मालक स्वतः मागच्या फाळक्यावर उभा राहून ओरडत असतो, "अरे, तो जाडा ताका खाली घे, खाली! वर काय हवा खायला ठेवतो त्याला?" तो टेम्पो बन्सीलालचा. थप्पी जरा तिरकी दिसली की हा माणूस सगळी उतरवून पुन्हा लावायला सांगतो. हमाल त्याला पाठीमागे 'मास्तर' म्हणतात, आणि ते काही कौतुकानं म्हणत नाहीत हे त्यालाही ठाऊक आहे.

मूळचा पारोळ्याकडचा. सुरतेत आला तो लूमवर काम करायला, पण तो अखंड खडखडाट त्याच्या कानांना सोसेना. मग एका टेम्पोवर क्लीनर झाला, पुढे ड्रायव्हर झाला आणि बऱ्याच वर्षांनी स्वतःचा टेम्पो घेतला. कडोदऱ्याहून ताके उचलायचे, पलसाण्याच्या डाइंगच्या कारखान्यांत टाकायचे, हे त्याचं काम. कापड दिसायला निरुपद्रवी असतं, पण ते उंच चढतं. आणि गाडी उंच झाली की तिचा स्वभाव बदलतो.

हा स्वभाव बन्सीलालला पाठ आहे. चाकांच्या वर लोखंडाच्या वाकवलेल्या पट्ट्या एकीवर एक बसवलेल्या असतात, त्यांना पाटे म्हणतात. रस्त्याचा धक्का आधी ते खातात आणि उरलेला माणसाला देतात. जास्त माल भरता यावा म्हणून लोक पाटे वाढवून घेतात. मग माल असेपर्यंत गाडी नीट चालते, पण रिकामी असली की प्रत्येक खड्ड्यावर अशी उडते की दात वाजतात. पाटे कमी केले तर गाडी मऊ चालते, पण वळणावर कलते, आणि वजन उंचावर असलं तर कललेली गाडी लवकर सावरत नाही. कधी कधी सावरतच नाही.

"हे सगळं शिकवलं कोणी?" असं कोणी विचारलं की तो सांगायचा, "उधन्याला एक उस्ताद होता." उस्ताद होता हे खरं. पण त्यानं शिव्यांपलीकडे फारसं काही शिकवलं नव्हतं. खरं शिकवलं ते बन्सीलालच्या बायकोनं, उषाबाईनं. आणि ही गोष्ट त्यानं आजवर कोणालाच सांगितली नव्हती. तिला तर नाहीच नाही.

तेव्हा ते सुरतेत, लिंबायतला एका खोलीत राहायचे. उषाबाई बाजारातून साड्यांचे गठ्ठे आणायची, गल्लीतल्या बायकांना लेस आणि टिकल्या लावायला वाटायची आणि तयार साड्या पुन्हा पोचत्या करायची. गठ्ठा डोक्यावर, एक हात मोकळा, आणि जिने असे की चढताना भिंतीला खांदे घासावेत. पण तिच्या डोक्यावरचा गठ्ठा कधी हलला नाही. ती चालायची तेव्हा खालचं सगळं चालायचं, गुडघे वाकायचे, कंबर लवायची, आणि वर गठ्ठा मात्र शांत असायचा. बन्सीलाल नवाच ड्रायव्हर झाला होता. पलसाण्याच्या वळणावर एकदा त्याचा टेम्पो हलक्या सिंथेटिक कापडाच्या उंच थप्पीसकट एका बाजूला कलला, आतली चाकं रस्त्यावरून सुटली आणि काय कोणाची पुण्याई, परत टेकली. घरी आल्या आल्या त्यानं सगळं सांगितलं. उषाबाई साडीची घडी घालत ऐकत होती. मग म्हणाली, "डोकावर वझं ऱ्हायनं का मान फिरावनी नही. आखं आंग फिरावनं, हळूच."

डोक्यावर ओझं असलं की नुसती मान वळवायची नाही, सगळं अंग हळूच वळवायचं. एवढंच ती बोलली आणि पुढची घडी घालायला लागली. बन्सीलाल त्या दिवसापासून तसाच चालवत आला. स्टिअरिंगला कधी झटका नाही, वळणाच्या आधीच वेग कमी, आणि सगळी गाडी मिळून वळणार. त्याच्याबरोबरच्या कितीतरी जणांच्या गाड्या आडव्या झाल्या. याची कधी झाली नाही.

त्या गठ्ठ्यांनी घर उभं राहिलं, मुलगा कुंदन शिकला, टेम्पो आला. आणि उषाबाईचे गुडघे गेले. डॉक्टरांनी फोटो काढून दाखवला, गादी झिजली म्हणाले, ओझं उचलायचं नाही, लांब चालायचं नाही. बाहेर आल्यावर बन्सीलाल गमतीनं म्हणाला, "तुझे पाटे बसले वं." ती हसली. मग दवाखान्याच्या पायऱ्या उतरताना तिनं कठडा दोन्ही हातांनी धरला, तेव्हा त्याला वाटलं, आपली जीभ कोणी कापून का नाही टाकली. पुन्हा तो तसं कधी बोलला नाही.

अशात श्रावण आला, आणि श्रावणाबरोबर कानबाई.

खानदेशी माणूस सुरतेत राहून दुसरं काय वाट्टेल ते विसरेल, कानबाई विसरत नाही. श्रावणातल्या त्या रविवारी नारळाला डोळे, नथ, कुंकू लावून देवी मांडायची, सगळ्या भाऊबंदांनी मिळून नैवेद्याच्या रोटाचं जेवण करायचं, रात्रभर गाणी म्हणायची आणि सोमवारी सकाळी तिला वाजतगाजत नदीवर न्यायची. बन्सीलालच्या कुळात आणखी एक रीत होती. कानबाई घरातल्या मोठ्या सुनेच्या डोक्यावरून निघते आणि नदीपर्यंत वाटेत कुठेही टेकत नाही. आणि जेव्हा सासू हा मान सुनेला देते, तेव्हा तो घरात देत नाही, नदीच्या काठावर देते, एका डोक्यावरून दुसऱ्या डोक्यावर. उषाबाईला तिच्या सासूनं असाच दिला होता, गावाकडे तापीकाठी. आता यंदा तिला तो हर्षदाला द्यायचा होता, कुंदनच्या बायकोला. पुढच्या वर्षी आपल्याच्यानं तेवढंही होणार नाही, हे तिनं मनात धरलं होतं.

लिंबायतला होते तोवर चालत जाता यायचं. पण ते आता कडोदऱ्याला राहायला आले होते आणि इथून तापी म्हणजे थट्टा नाही. शेजारी म्हणाले, जवळच्या कालव्यात करा, देवीला काय. उषाबाई ऐकेना. कालव्याचं पाणी कुठून येतं कोणास ठाऊक, तापीचं पाणी आपल्या मुलखातून येतं, सासूनं ज्या पाण्यात उभं करून दिली त्याच पाण्याशी मी देईन, असं तिचं म्हणणं. मग एका संध्याकाळी ती नवऱ्याला म्हणाली, "चालीसन जावानं आते मन्हाघाई व्हनार नही. तुम्हना टेम्पोमा बसीसन लई जासू. डोकावरच."

चालत जाणं आता माझ्यानं होणार नाही, तुमच्या टेम्पोत बसून नेते, पण डोक्यावरच. बन्सीलाल लगेच हो म्हणाला, आणि रात्री अंथरुणावर पडल्यावर त्याला घाम फुटला. चालणाऱ्या माणसाला गुडघे असतात, धक्का तिथे जिरतो. बसलेल्या माणसाला गुडघे असून नसल्यासारखे. खालचा प्रत्येक दणका थेट पाठीच्या कण्यातून डोक्यावर जाणार, आणि डोक्यावर कलश, कलशावर नारळ. म्हणजे जे काम आजवर उषाबाईच्या गुडघ्यांनी केलं, ते आता टेम्पोनं करायचं होतं. आणि त्याच्या टेम्पोला तर जास्तीचे पाटे घातलेले, रिकामा असला की तो पेटीतली भांडी वाजावीत तसा वाजत जायचा.

मग या शहाण्या माणसानं काय केलं? चलथाणला पाटेवाल्याकडे गेला आणि जास्तीचे सगळे पाटे काढून टाकले. गाडी मऊ झाली की झालं, असं त्याला वाटलं. इकडे कुंदननं मित्रांना घेऊन लोखंडी सांगाडा आणि प्लायवुडचं एक सिंहासन केलं, पार केबिनच्या टपाएवढं उंच. देवीची जागा उंचच पाहिजे, यात कोणाला शंका नव्हती. बन्सीलालनंही ते पाहिलं आणि छान झालं म्हणाला.

सणाच्या आठवडाभर आधी त्यांनी फेरी मारून पाहिली. उषाबाई त्या सिंहासनावर बसली, डोक्यावर चुंबळ आणि चुंबळीवर काठोकाठ भरलेली कळशी. शेजारी हर्षदा, भोवती कुंदनचे मित्र उभे. सरळ रस्त्यावर टेम्पो असा मऊ चालला की बन्सीलाल खूश झाला. चलथाणच्या बाजूला वळण आलं. त्यानं नेहमीसारखं हळूच वळवलं, तरी टेम्पो कलला, आणि कलतच गेला. उभी पोरं त्याच बाजूला झुकली, त्यांच्याबरोबर सांगाडा झुकला, मग टेम्पो दुसऱ्या बाजूला डोलला. कळशी हर्षदाच्या अंगावर रिकामी झाली. बन्सीलालनं गाडी बाजूला घेतली आणि मागे धावत गेला. उषाबाईनं सुनेचा हात घट्ट धरून ठेवला होता. चेहरा पांढरा पडला होता, तरी दुसऱ्या हातानं ती पदरानं सुनेचं ओलं तोंड पुसत होती. तिनं रागावून घेतलं असतं तर बरं झालं असतं.

घरी परतल्यावर तो ओट्यावर डोकं धरून बसला. कुंदन म्हणाला, "पप्पा, स्लो चलाववानुं, बीजुं शुं? चालशे." हळू चालवायची, दुसरं काय, चालेल! अर्ध्या वाक्यात गुजराती बोलणाऱ्या या मुलाकडे बापानं एकदाच रोखून पाहिलं आणि तो आत गेला. थोड्या वेळानं उषाबाई चहा घेऊन आली, हळूहळू खाली बसली आणि म्हणाली, "पाटा काढी टाकात का तुम्ही?"

"हां."

"ढिला बांधेल गठ्ठा डोकावर नाचस." ती म्हणाली. "अन् जड साड्या मी कोठे ठेवू? वर?"

बन्सीलालनं तिच्याकडे पाहिलं. सैल बांधलेला गठ्ठा नाचतो, आणि जड ते खाली. जन्मभर फाळक्यावर उभं राहून जे तो हमालांच्या कानीकपाळी ओरडला, तेच आता त्याला त्याच्याच घरात ऐकून घ्यावं लागत होतं. पोलिएस्टरचा एक ताका वर ठेवला तर आकाशपाताळ एक करणारा माणूस, आणि त्यानं आपली बायको, आपली सून आणि आपली देवी थेट टपाएवढ्या उंचीवर नेऊन ठेवली होती. कारण ती कानबाई होती, आणि कानबाईला खाली ठेव असं कोणी कोणाला सांगायचं?

ते उषाबाईनंच सांगितलं. कुंदन दारातून म्हणाला की बाकीच्यांची कानबाई एवढी उंच जाते, आपली खाली बसवली तर लोक काय म्हणतील. ती म्हणाली, "कानबाई मन्हा डोकावर शे. तिन्हापेक्षा उच्चं कोन्हीच बसानं नही, म्हंजे झायं."

म्हणजे देवीला वर चढवायची गरजच नव्हती. बाकीच्यांनी खाली बसायचं होतं. बन्सीलाल ताडकन उठला. त्याला सगळं एकदम दिसलं. उषाबाई टेम्पोच्या तळाशी, मागच्या चाकांच्या जरा पुढे, एका बुटक्या पाटावर. तिच्याभोवती बायका, आणि बायकांच्या भोवती कुळातले सगळे पुरुष, फळ्यांवर मांडी घालून, एकमेकांना खेटून. तेवढं वजन तळाला बसलं की टेम्पो उडणार नाही आणि कलणारही नाही. नाहीतरी ती मंडळी येणारच होती, आणि येऊन उभी राहणार होती, आणि उभं राहून नाचणारं वजन हे जगातलं सगळ्यात वाईट वजन. त्यानं दुसऱ्या दिवशी सकाळी चलथाणला जाऊन काढलेल्या पाट्यांपैकी थोडे परत घातले. सगळे नाहीत, आणि एकही नाही असंही नाही. पाटेवाला म्हणाला, "बन्सीभाई, एकदा काय ते ठरवा." बन्सीलाल म्हणाला, "ठरलं."

सिंहासन कुंदननं मुकाट्यानं गच्चीवर नेऊन ठेवलं. त्यावर आता हर्षदा पापड वाळवते.

रविवारी कानबाई मांडली, रोट झाले, रात्रभर गाणी झाली. सोमवारी सकाळी उषाबाईनं देवी डोक्यावर घेतली आणि दोघी बायकांच्या आधारानं ती टेम्पोत जाऊन पाटावर बसली. आता मंडळींना बसवायचं होतं. आणि इथे खरी अडचण आली. पुरुष म्हणाले, आम्ही पुढे झेंडा घेऊन उभे राहतो. आम्ही टपावर बसतो. बायकांच्या पायाशी मांडी घालून बसायचं हे कोणाच्या पचनी पडेना. बन्सीलाल फाळक्यावर चढला, हात जोडले आणि घरातल्या सगळ्यात मोठ्या माणसाकडे वळला. पंडितआबा. त्याचा चुलत भाऊ, वयानं मोठा, देहानं त्याहून मोठा, दरसाल पांढरी टोपी घालून मिरवणुकीच्या पुढे चालणारा.

"आबा," तो म्हणाला, "तुम्ही खाली बसले तर सगळे बसतील. आणि खरं सांगतो, मला तुमच्याइतकं वजन दुसऱ्या कोणाकडून मिळणार नाही."

क्षणभर कोणी हसावं की नाही ते कळेना. पंडितआबांनी टोपी काढली, झटकली, पुन्हा घातली. "कोठे बठू रे बन्सी?" ते म्हणाले.

मग काय, बन्सीलालनं आपले भाऊबंद ताक्यांसारखे लावले. जाडे मधे, चाकांच्या जवळ. सडपातळ कडेला. "तू इकडे सरक. तू नाही, तू. मांडी मोड. दादा, तुम्ही सासऱ्यांना खेटून बसा, आज लाज नको." सगळी थप्पी लावून झाल्यावर त्यानं एकदा चारही बाजूंनी फिरून पाटे पाहिले. लोखंड सारखं दबलं होतं, या बाजूला जेवढं तेवढंच त्या बाजूला. तो केबिनमध्ये बसला आणि कधी नव्हे ते स्टिअरिंगला हात लावण्याआधी त्यानं डोळे मिटले.

रस्ता तोच होता, रोजचा. पण त्या दिवशी त्याला त्यातला प्रत्येक खड्डा नावानं भेटला. आरशात त्याला फक्त लाल खण आणि वर नारळावरची नथ दिसत होती, तेवढंच तो पाहत होता. बम्प आला की टेम्पो खाली बसायचा आणि हळूच वर यायचा, आणि नथ जागची हलायची नाही. मागे बायका गात होत्या. उड्डाणपुलाच्या वळणावर वारा आडवा आला, तेव्हा त्यानं वेग आणखी उतरवला. मान नको, आखं आंग. त्यानं टेम्पो सगळाच्या सगळा वळवला, हळूच, आणि मागे गाणं तुटलं नाही.

पुढे दुसऱ्या कोणाची कानबाई निघाली होती, टपावर पोरं नाचत होती, स्पीकर दणाणत होते. कुंदनला राहवेना. तो अर्धवट उठला, तोच पंडितआबा गरजले, "खाले बठ! उभा ऱ्हायना का उतारी दिसू!" खरंच उतरवून देतील या धाकानं टपाएवढ्या सिंहासनाचा तो कारागीर गुपचूप खाली बसला. पंडितआबांना आता आपल्या वजनाचा भलताच अभिमान वाटायला लागला होता, आणि उरलेल्या वाटेत त्यांनी कोणाला खोकूसुद्धा दिलं नाही.

तापीच्या ओवाऱ्याशी, म्हणजे घाटाशी टेम्पो थांबला. बन्सीलाल उतरून मागे आला. कलशाच्या काठावरून एक थेंब सांडला नव्हता. उषाबाईचा चेहरा थकलेला होता, पण मान ताठ. तिला हळूच खाली उतरवली. इथून काठापर्यंतचं थोडं अंतर तिचं तिलाच चालायचं होतं. ती चालली. एकेक पाऊल, गुडघा वाकवताना ओठ दाबून, पण डोक्यावरचं काही हललं नाही. इतक्या वर्षांनी बन्सीलालला ते चालणं पुन्हा दिसलं, लिंबायतच्या जिन्यावरचं. 

काठावर तिनं हर्षदाच्या डोक्यावर चुंबळ ठेवली, मग चुंबळीवर कानबाई. दोन डोकी क्षणभर एकमेकांना टेकली. हर्षदा रडत होती. उषाबाई म्हणाली, "मान सरळ ठेव," आणि तिला पाण्याकडे पाठवलं.

कानबाई आणणारीचे पाय धुवायचे, ही तिथली पद्धत. लोक एकेक येत होते, तांब्यानं तिच्या पायांवर पाणी घालत होते, वाकत होते. दरवर्षी या वेळेला बन्सीलाल मागे कुठेतरी उभा राहून गर्दी सांभाळायचा. यंदा त्यानं हर्षदाच्या आईच्या हातून तांब्या घेतला, गुडघ्यांवर बसला आणि त्या झिजलेल्या पावलांवर पाणी घातलं. मग पुढे वाकून कपाळ टेकवलं, आणि जरा जास्तच वेळ टेकवून ठेवलं. आजूबाजूच्यांना वाटलं, केवढी माणसाची कानबाईवर भक्ती.

उषाबाईला मात्र तसं वाटलं नाही. देवी तर आता हर्षदाच्या डोक्यावर होती, पार पाण्याशी. ती घाईघाईनं वाकायला गेली, गुडघ्यांनी वाकू दिलं नाही, म्हणून तिनं त्याचा खांदा धरला. हलक्या आवाजात म्हणाली, "ओ कुंदनना बाप, उठा. लोके देखी ऱ्हायनात. कानबाई तठे शे. कोना पाया पडनात तुम्ही?"

बन्सीलालनं ओलं कपाळ वर केलं.

"जिनी माले आठेपर्यंत आनं," तो म्हणाला, "तिना."